टाकीपलीकडचा चेहरा

“बाबा, या टाकीत मासे ठेवता, का माणूस?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून इंदूनं विचारलंच. एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात खामगावच्या एका कापसाच्या जिनात फिटर असलेल्या रामरावांनी बैठकीत आठ फुटी काचेची टाकी उभारली होती. खाली सागवानी घडवंची, वर लोखंडी चौकट, सांध्यांत पाणी झिरपू नये म्हणून लांबी. रामराव हसले नाहीत. लांबी दाबणारा त्यांचा अंगठा तेवढा थांबला.

लांबी सुकल्यावर एका संध्याकाळी पाणी भरलं. घडवंची करकरली, पण टिकली. इंदू टाकीमागं धावली आणि काचेला नाक लावून वाकली. तिच्या वेण्या पाण्यात हलल्यागत दिसल्या.

रामरावांच्या हातची बादली पडली. “वच्छे! वर ये वं, वर ये!”

वच्छी म्हणजे त्यांची बहीण. विहिरीत बुडाली तेव्हा इंदूएवढीच होती, हे आईनं रडत रडत आज पहिल्यांदा सांगितलं.

“काऊन बांधली मग हे टाकी?” इंदूनं टाकीमागूनच बाबांना विचारलं.

“विहिरीचं पाणी काळं होतं, बाई. मले काहीच दिसलं नाही. ह्या पाण्यात सारं दिसते.”

बाबा अजून काचेतच पाहत होते. इंदू बाहेर आली, पण त्यांची नजर तिथून हलली नाही. तिनं त्यांचा हात धरला.

“आई, बाबा, ऐका! मी पोहणं शिकीन, उद्यापासूनच. बाबा, तुम्ही दोर धरून विहिरीच्या काठावर उभे राहा.”