खुर्चीशेजारच्या तिघी

प्रकाश राजवाड्यांना लॅमिनेशनचा नाद होता, आणि तो साधासुधा नव्हता. पुण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून सबंध नोकरी काढलेला माणूस. कागद फाटतो, भिजतो, त्याला वाळवी लागते आणि मग माणसं काउंटरवर येऊन रडतात, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की उघडा कागद दिसला की त्यांचे हात शिवशिवत. रिटायर होऊन ते न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला, हॉर्नबी उपनगरात मुलीकडे, मृणालिनीकडे राहायला आले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी एक छोटं लॅमिनेशन मशीन आणलं. मग काय विचारता! नातीचं पोहण्याचं सर्टिफिकेट, विहीणबाईंनी पाठवलेली आरती, फ्रिजवरचा कचऱ्याच्या डब्यांचा तक्ता, सगळं प्लास्टिकात गेलं. मृणालिनी फार्मसीतून दमून घरी येई आणि म्हणे, एक दिवस बाबा पोळ्यासुद्धा लॅमिनेट करतील. बाबा हसत. त्यांच्या पाकिटात बायकोचा फोटो होता, ती गेली त्या वर्षी लॅमिनेट केलेला. तो अजून जसाच्या तसा होता. त्यांना एवढा पुरावा पुरेसा होता.

कुंपणापलीकडे एडिता ब्राउन राहत. वय सत्त्याऐंशी, नवरा कधीच गेलेला, मुलगा टौरंगाला बंदरावर कामाला. प्रकाशराव त्यांना एडिताबाई म्हणत आणि एडिताबाई यांना मिस्टर प्रकाश. दोघांची इंग्रजी परकी होती, म्हणून दोघंही सावकाश बोलत आणि म्हणूनच त्यांचं जमलं. रोज सकाळी अकराला ते चहाला जात. एडिताबाईंच्या डोळ्यांचा मधला भाग निकामी झाला होता. खिडकी दिसे, पडदा दिसे, पण समोर बसलेल्याचा चेहरा दिसत नसे. दहा-बारा वर्षांपासून हे असंच होतं.

त्या मूळच्या स्लोव्हाकियातल्या, ज्यू घरातल्या. पाच वर्षांच्या होत्या तेव्हा आईने त्यांना गावाबाहेरच्या एका शेतकरीण बाईकडे सोडलं, आणि आठवड्याभरात घरातल्या सगळ्यांना गाडीत घालून छावणीवर नेलं. परत कोणी आलं नाही. त्या शेतकरणीने मुलगी जपली आणि घरातले थोडे फोटोही जपले, कोंबड्यांच्या खुराड्यात, फळीमागे. मागे कोणाचं नाव लिहायची सोय नव्हती, सापडलं असतं तर तिचंच घर जळालं असतं. युद्ध संपल्यावर एका लांबच्या मामाने पोरीला न्यूझीलंडला आणलं. तिच्यासोबत कपड्यांची पिशवी होती आणि ते फोटो होते.

आता फोटो हातमोज्यांच्या एका चपट्या डब्यात असत. वेलिंग्टनच्या एका संग्रहालयातली जोआना नावाची बाई ते न्यायला पुढच्या गुरुवारी येणार होती. फोनवर तिने सांगितलं होतं, आणि प्रकाशराव तेव्हा तिथेच बसले होते, की फोटो आम्ही सांभाळू, पण त्यांतलं कोण कोण आहे हे जगात फक्त एडिताच सांगू शकते. तेवढं तिच्या तोंडून उतरवून घ्यायचं. नाहीतर आमच्याकडे नाव नसलेल्या माणसांची कपाटं भरलेली आहेत.

आणि एडिताबाई सांगत. फोटो मांडीवर घेत, अंगठा कडेवरून फिरवत आणि नाव सांगत. हा भाऊ. हे वडील. मग येत त्या तिघी, आई आणि तिच्या दोन बहिणी. एकाच दिवशी, एकाच स्टुडिओत, एकाच खुर्चीशेजारी उभ्या, तिघींच्या गळ्याशी पांढरी कॉलर, तिघींचे केस मागे बांधलेले. एक सरळ कडेची, ती गिझेला. एक नक्षीच्या कडेची, ती फ्रीडा. आणि जिचा कोपरा खुराड्यात उंदराने कुरतडला होता, ती आई. तो कोपरा आला की अंगठा तिथेच थांबे, चहा निवून जाई.

प्रकाशराव मात्र बघत असत त्या कडेकडे. अंगठा फिरला की फोटोचा बारीक भुगा स्कर्टवर पडे. असंच चाललं तर वर्षभरात काय उरणार? नावं कानावर पडत होती. पण लक्ष भुग्यात होतं.

शुक्रवारी एडिताबाई मागच्या पायरीवरून घसरल्या. हाड मोडलं नाही, पण हॉस्पिटलात ठेवून घेतलं. अँब्युलन्समध्ये चढवताना त्यांनी प्रकाशरावांचा हात धरला आणि डबा तुमच्याकडे ठेवा म्हणाल्या. या घराचं छत गळतं, तुम्ही कागदाची कदर करणारे आहात. एवढा विश्वास रिटायर झाल्यापासून कोणी टाकला नव्हता. माणसाने छाती फुगवून घरी यावं आणि डबा कपाटात ठेवून कुलूप लावावं. हे मात्र डबा उघडून बसले.

रविवारी दुपारी मृणालिनी, जावई आणि नात बाहेर गेलेले. प्रकाशरावांनी टेबल पुसलं, हात धुतले, मशीन तापायला ठेवलं. फोटो लहानमोठे होते, कडा वेड्यावाकड्या. अशा कडा पाऊचमध्ये नीट बसत नाहीत, हवा राहते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक. त्यांनी स्टीलची पट्टी घेतली, कटर घेतला आणि एकेक फोटो सरळ केला, सारखे दिसले ते एकाच मापात कापले. मन लावून केला, श्वास रोखून केला, चेहऱ्याला कुठे धक्का लागू दिला नाही. कुरतडलेला कोपरा तर सगळ्यात आधी कापला, कारण तो बघवत नव्हता. मग एकेक आत सरकवला आणि पलीकडून गरम, चकचकीत बाहेर काढला. आता कोणी कितीही अंगठे फिरवा! त्या आनंदात त्यांनी स्वतःसाठी दुसऱ्यांदा चहा केला.

संध्याकाळी मृणालिनीने टेबलावर नजर टाकली आणि हातातली पिशवी तशीच खाली ठेवली.

"बाबा, तुम्ही हे काय केलंत?"

"खराब होत होते गं. आता शंभर वर्षं बघायला नको."

मृणालिनी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मोबाइलवर, एडिताबाईंसाठी तिच्याकडे आलेला जोआनाचा मेल काढून दाखवला. फोटोंना काहीही करू नका, पुसूसुद्धा नका, असं त्यात पहिल्याच ओळीत होतं. तो मेल तिने एडिताबाईंना वाचून दाखवला होता. बाबांना दाखवायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती खुर्चीत बसली, आणि प्रकाशरावांना पहिल्यांदा कळलं की काहीतरी भलतंच झालं आहे.

सोमवारी जोआनाशी फोनवर बोलणं झालं. ती म्हणाली, प्लास्टिक ओढून काढायला जाऊ नका, फोटोचा वरचा थर त्याच्यासोबत निघून येईल. टौरंगाच्या मुलालाही मृणालिनीने कळवलं. तो भला माणूस. म्हणाला, तुझ्या वडिलांनी प्रेमानेच केलं, पण मॉमला सांगू नका, तिला दिसत तर नाहीच, उगाच कशाला जीव जाळायचा. फोटोतलं कोण कोण, असं मृणालिनीने विचारलं तर म्हणाला, आईने हीप्स ऑफ टाइम्स, ढिगाने वेळा, सांगितलंय, मी कधी नीट ऐकलंच नाही.

गुरुवारी जोआना आधी मृणालिनीच्या घरी आली. तिने पांढरे हातमोजे घातले, मग प्लास्टिक बघून ते काढून ठेवले. प्रत्येक फोटो खिडकीशी धरला. चेहरे शाबूत आहेत, स्कॅन करता येतील, म्हणाली. मूळ फोटो म्हणून ते गेलेच, आतल्या आत पिवळे पडत जातील, पण चेहरे आणि नावं तर वाचली. मृणालिनीचा जीव भांड्यात पडला. प्रकाशरावांचा पडला नाही. तो अंगठा त्यांनी रोज पाहिला होता. एडिताबाईंना एका क्षणात कळणार, त्या ओरडणार, आपलं तोंड काळं होणार, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्याहून पुढचं त्यांना तेव्हाही सुचलं नाही. मग तिघं कुंपणापलीकडे गेली.

एडिताबाई आदल्या दिवशीच घरी आल्या होत्या. वॉकर शेजारी उभा करून, केस नीट विंचरून, ठेवणीतला ब्लाउज घालून बसल्या होत्या. जोआनाने लिहायचं पॅड काढलं. प्रकाशरावांनी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवले.

एडिताबाईंनी वरचा उचलला. अंगठा कडेवरून फिरला. पुन्हा फिरला, यावेळी सगळ्या बाजूंनी. त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला, मग सगळे एकावर एक रचून हसून परत केले.

"हे माझे नाहीत, मिस्टर प्रकाश. माझे हातमोज्यांच्या डब्यात आहेत."

"तुमचेच आहेत," प्रकाशराव म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं, मशीन, पट्टी, कटर. इंग्रजी अडखळत होती, पण काही वगळलं नाही.

"आणि कापलेल्या कडा?"

"कचऱ्यात टाकल्या. मंगळवारी गाडी येऊन गेली."

एडिताबाई रागावल्या नाहीत. जोआनाला म्हणाल्या, तुला काय दिसतं ते मला सांग, आपण तसं करू. जोआना एकेक फोटो वाचत गेली. टोपीवाला माणूस, घोडागाडीला टेकलेला, ते वडील. पट्ट्यांच्या स्वेटरमधला मुलगा, तो भाऊ. लग्नाचा घोळका, त्यातली चार नावं मिळाली. पॅडवर अक्षरं उमटत होती, आणि प्रकाशरावांना वाटू लागलं की आपण बहुतेक वाचलो.

मग त्या तिघी आल्या. जोआनाने पहिली सांगितली, खुर्चीच्या पाठीवर हात, पांढरी कॉलर. दुसरी सांगितली, आणि सांगतासांगताच तिचा आवाज मंदावला, कारण ती तेच शब्द पुन्हा बोलत होती. तिसरीच्या वेळी तिने उंची बघितली, कपाळ बघितलं, कानातलं बघितलं. तिन्ही फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मृणालिनीने मोबाइलचा टॉर्च धरला.

"आईचा चेहरा कसा होता, एडिता?" जोआनाने विचारलं.

"मी पाच वर्षांची होते," एडिताबाई म्हणाल्या. "नंतर फोटोत पाहायचे, तेव्हा माहीत होता. डोळे गेल्यावर मी तिला बोटाने बघत आले. चेहरा हळूहळू गेला. मला वाटलं, कोपरा आहे ना."

मग त्यांनी मान प्रकाशरावांच्या आवाजाच्या दिशेने वळवली. "तुम्ही रोज शेजारी बसायचात. तो कोपरा तुम्ही कापलात. कोणाचा होता, बघून सांगा."

प्रकाशराव टेबलावर वाकले. तिघी त्यांच्याकडे बघत होत्या, तिघी तरुण, तिघी एकसारख्या. त्यांनी आठवायला सुरुवात केली. कोपरा आठवला, त्यावरच्या दातांच्या बारीक खाचा आठवल्या, कटर किती सहज फिरला ते आठवलं, पट्टीखाली दाबून धरलेली पांढरी किनारसुद्धा आठवली. कोपऱ्याशेजारची बाई आठवेना. आयुष्यभर त्यांनी कागद सांभाळले होते, पण कागदावर कोण आहे हे कधी बघितलं नव्हतं. आता बघत होते आणि काही उपयोग नव्हता.

मधलीच्या डोळ्यांत एडिताबाईंसारखं काहीतरी होतं. बोट उचलून ही, एवढंच म्हणायचं होतं. पडताळायला जगात कोणी उरलं नव्हतं, म्हातारीला आई परत मिळाली असती. बोट उचललंही गेलं. मग त्यांनी उजवीकडची पाहिली. तिच्याही डोळ्यांत तेच होतं. डावीकडचीच्याही.

"मला माहीत नाही," ते म्हणाले, आणि तिथेच, दोन बायकांसमोर आणि मुलीसमोर, तोंडावर हात घेऊन रडायला लागले. मृणालिनीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

एडिताबाईंनी हात पुढे केला. जोआनाने तिन्ही फोटो त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते मांडीवर पसरले आणि प्रत्येकावर अंगठा एकदा फिरवला, गुळगुळीत, गुळगुळीत, गुळगुळीत. मग तिन्ही परत केले.

"लिही," त्या जोआनाला म्हणाल्या. "यांतली एक माझी आई आहे."

जोआनाने लिहिलं. तेच वाक्य तिला तीनदा लिहावं लागलं, एकेका फोटोसाठी एकदा.