एकशे वीस अंशांपलीकडचे भाऊ

माझे बाबा आणि सहदेवकाका सख्खे भाऊ. एका हळदीतल्या मानपानावरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. होडी मात्र दोघांत एकच, आणि ती आज ठाण्याच्या खाडीत चिखलात रुतली. ओहोटी लागलेली, खाली जेट्टीचे फुटके दगड. पाणी उतरलं की होडी त्यांच्यावर बसणार, फळ्या फुटणार आणि दोन्ही घरं उपाशी. तरी या दोन शहाण्यांनी काय करावं? होडीच्या टोकाला दोन दोर बांधले आणि एक गेला पार उजवीकडे, दुसरा पार डावीकडे. का, तर शेजारी उभं राहायला नको!

मी माजिवड्याला क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. कमरेएवढ्या चिखलात उभी राहून मागून होडी ढकलत होते आणि समोर माझ्याच धड्याची वाट लागलेली बघत होते.

"बाबा, कोन फार मोठा झालाय! सगळा जोर आडवा वाया जातोय. दोघं मधे या!"

"त्याला सांग, त्यानं यावं. मी नाय जानार."

"मी का म्हनून?" काका माझ्याकडे बघूनच ओरडले.

"अहो, एकशे वीस अंशांच्या पुढे गेलात की दोघांचं मिळून परिणामी बल एकट्यापेक्षा कमी भरतं! एक जण घरी गेला तर होडी लवकर निघेल!"

"मंग त्यालाच धाड घरी," बाबा म्हणाले. काकांनीही तेच सांगितलं. गेलं कोणीच नाही. तेवढ्यात होडी खाली दगडाला घासली.

माझं डोकंच फिरलं. होडीत चढले, सुरी उचलली आणि बाबांचा दोर सरळ कापून टाकला. बाबा धप्पकन चिखलात बसले. काका फिदीफिदी हसायला लागले.

"काका, दात काढू नका, मधे सरका!"

होडीच्या टोकासमोरचा किनाऱ्याचा उतार मोकळाच होता, आणि आता तिथे भावाशेजारी उभं राहायची भीती नव्हती. काका तिथे आले, ओढू लागले. होडी हलली, पण जेमतेम.

ते बघून बाबांचा तिळपापड झाला. "अर्धी होडी माझी हाय! त्याच्या एकट्याच्या हातानं नाय निंगाची ती!" असं म्हणत उठले आणि काकांच्या पाठीमागे तोच दोर धरून ओढायला लागले. होडी सरसर वर आली, कोरड्यात जाऊन बसली.

"सोडा आता!" मी घसा फुटेस्तोवर ओरडले. पण आधी दोर सोडणार कोण? दोघेही ढिम्म. बाबांच्या अंगावरचा चिखल काकांच्या सदऱ्याला लागत होता, इतके जवळ उभे होते, आणि मला रागाने रडू यायला लागलं.