नवसूच्या हाताचा गिअर

नवसूच्या जुन्या गाडीचा दुसरा गिअर नवसूशिवाय कोणाला पडत नसे. लिव्हर पलीकडे रेटायची, जरा दाबून धरायची, मग हलकेच मागे ओढायची. "माझी गाडी दुसऱ्याचा हात घेत नाय," असं तो धसईच्या बाजारात छाती फुगवून सांगायचा.

त्याची बायको बाईजा मुरबाडला जाऊन गाडी शिकली, लायसनही काढून आली. पण घरच्या गाडीला तिने हात लावायचा नाही, हे ठरलेलंच.

यंदा झाडावरून पडून नवसूचा डावा हात मोडला. हात प्लास्टरात, गाडी अंगणात, आणि वाफ्यातली भेंडी जून होत चाललेली.

"गाडी मी काढते," बाईजा म्हणाली.

"तुला गिअर पडायचा नाय गो."

"मग पडंल असा करून आणते."

नवसू ओसरीवरून बघत राहिला आणि ती निघालीसुद्धा. पहिल्यावरून थेट तिसरा टाकत, दोनदा गाडी बंद पाडत, ती मुरबाडला सुरज मेकॅनिकच्या दारात पोचली.

सुरजने लिव्हरभोवतीचं कव्हर काढलं, मग गाडीखाली शिरला. "मावशी, हितनं गिअरबॉक्सपर्यंत दोन केबली जातात. दोन्ही आतून गंजल्यात. टोकाचे रबरी बुश तर पार झिजलेत. हात तुमी इकडं पुरा हलवता, तिकडं अर्धाच पोचतो. बुश बदलून देऊ? चालंल काही दिवस."

"चालवून घ्यायचं नाय, नीटच करायचं. दोन्ही केबली नव्या टाक. खाली गिअरबॉक्सला लागतो तो जोडही बदल. आणि बुश धातूचे घाल."

"धातूनं लिव्हर जरा थरथरंल हां."

"थरथर चालंल रे, खरखर नको."

केबली बसल्या. सुरजने गिअरबॉक्स न्यूट्रलला आणला, बाईजाला लिव्हर बरोबर मधोमध धरायला लावली आणि खाली केबलींचे लॉक आवळले. रिव्हर्स अडला. त्याने लॉक सैल केले, तिने लिव्हर केसभर अलीकडे घेतली, त्याने पुन्हा आवळले. या खेपेला सगळे गिअर बिनबोभाट पडले. बाईजाने उगाच आणखी दोनदा टाकून बघितले. हाताला गोड लागत होतं ते.

बाजाराच्या दिवशी भेंडीच्या पाट्या मागे चढल्या. "बसा," तिने नवसूला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतःच्या गाडीत डावीकडे बसला.

चढावर पुढची एसटी अचानक थांबली. बाईजानेही ब्रेक मारला. नवसूने उजव्या हाताने सीट धरली. एसटी हलली, तिने पहिला टाकला, गाडी उचलली आणि दुसरा असा टाकला की पाटीतली भेंडी हलली नाही.

चढ संपेपर्यंत तो लिव्हरकडे बघत होता. मग म्हणाला, "मला वाटायचं, गाडी मला वळखते."

"वळखत नव्हती. तरास देत होती तुमाला."

तो हसला. प्लास्टरमधली बोटं हलवून बघितली. "हात बरा झाला की मला देशील ना चालवायला?"

"देईन की," समोरचं वळण घेत बाईजा म्हणाली. "पण बाजार माझा."