एक जानेवारी १९७०

मिनल डहाकेनं एप्रिलमध्ये एकच मोठं काम केलं होतं आणि ते पुस्तकात सांगितल्याप्रमाणे केलं होतं.

नागपूरच्या मिहान या उद्योगनगरीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या अकरा माणसांच्या कंपनीत ती इंजिनिअर होती. आरोग्य केंद्रांत लसी ठेवायचे फ्रीज असतात, त्यांना लावायच्या पेट्या ही कंपनी बनवायची. साबणाच्या डबीएवढी पेटी दर दहा मिनिटांनी फ्रीजमधलं तापमान मोजायची आणि मोबाइल नेटवर्कवरून नागपूरच्या सर्व्हरला कळवायची. सर्व्हर सकाळ-संध्याकाळ नर्सच्या फोनवर आकडा पाठवायचा. पारा दोनच्या खाली किंवा आठच्या वर गेला तर लगेच इशारा. चार जिल्ह्यांत अशा तीनशे बारा पेट्या होत्या.

मार्चमध्ये बाहेरच्या तपासनिसाचा अहवाल आला. त्यात लाल अक्षरांत लिहिलं होतं की पेटी ज्या सर्व्हरशी बोलते तो खरा की खोटा हे ती तपासतच नाही. मध्ये कोणीही बसून सर्व्हरचं सोंग घेऊ शकतो.

ते खरं होतं. सुरक्षित संपर्कासाठी पेटीत जी लायब्ररी वापरली होती, तिला सुरुवातीलाच काही पर्याय सांगावे लागतात. सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासायचं का, त्यावरचं नाव जुळवायचं का, कोणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा, किती जुनी पद्धत चालवून घ्यायची. हा कोड सहा वर्षांपूर्वी सुशील नावाच्या इंजिनिअरनं लिहिला होता. पहिल्याच पर्यायापुढे 'नाही' लिहून त्यानं बाकीचे निकालात काढले होते. का, ते लिहिलं नव्हतं. आता तो पुण्यात होता.

मिनलनं माहितीपुस्तिका तीनदा वाचली. एकेक पर्याय चालू केला. कंपनीचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र तयार करून पेटीत घातलं. शेवटी एक पर्याय उरला, प्रमाणपत्राची तारीख तपासायची का? पुस्तिकेत त्याखाली सूचना होती: उपकरणाचं घड्याळ भरवशाचं नसेल तरच हे बंद ठेवावं. तिच्या टेबलावर चार पेट्या होत्या. चौघींची घड्याळं सेकंदाला सेकंद जुळत होती. तिनं तो पर्यायही चालू ठेवला.

दोन आठवडे चारही पेट्या न अडखळता चालल्या. आठ मे, गुरुवारी नवा कोड तीनशे बारा पेट्यांना गेला.

शुक्रवारी तीन पेट्या गप्प झाल्या. नेटवर्कमुळे तेवढ्या रोजच गप्प असायच्या. सोमवारी सकाळी एकोणतीस होत्या. त्याच सकाळी कळमेश्वरच्या पुढच्या एका आरोग्य केंद्रातून शोभाताईंचा फोन आला. शोभाताई तिथल्या नर्स, सव्वीस वर्षांची नोकरी.

"तुमची पेटी रुसली का वं बाई? कालपासून बोलून नाही राहिली."

"ताई, अपडेट सुरू आहे. दोन दिवसांत येईल मेसेज," मिनल म्हणाली.

"मंग वहीत काय लिहू? मेसेज पाहूनच लिहितो आम्ही तं. आधीचा थर्मामीटर तुमच्याच माणसानं काढून नेला."

"दोन दिवस कोरं ठेवा ताई."

"बरं. उद्या टोलीच्या वस्तीवर लसीचं सत्र आहे माझं. दोन वर्सांनी उघडली टोली. फुटक्या नशिबाची पेटी, नेमकी आत्ताच मुकी झाली," असं म्हणून त्या हसल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी गप्प पेट्यांचा आकडा एकशे अठरा झाला. मंगळवारी वादळी वावधानात तीन तालुक्यांची वीज गेली होती आणि गप्प पेट्या त्याच तालुक्यांतल्या होत्या. मिनलनं टेबलावरच्या पेटीची वायर काढली, पुन्हा लावली. पेटी उठली आणि बोलू लागली. दहा वेळा केलं, दहाही वेळा बोलली. मग तिनं फिरतीच्या मेकॅनिकला, शालिकरामला फोन लावला.

"शालिकरामभाऊ, वीज गेल्यावर पेटीचं घड्याळ सेलवर चालते ना?"

"सेल?" शालिकराम कुठंतरी मोटरसायकल थांबवून बोलत होता. "सेल तं आपण काढले म्याडम. दोन वर्स झाले."

"काढले म्हणजे?"

"फ्रीजच्या ओलीनं सेल फुगे, पाणी सोडे, अन् सारा बोर्ड खाऊन टाके. सुशील सरले फोन केला, ते बोलले काढून फेक. मी अन् माह्या जोडीच्या लहानूनं मिळून सगळ्या पेट्यांचे काढले. नंतर एकही बोर्ड खराब नाही झाला."

"हे लिहून कुठं ठेवलं?"

"लिवाचं काय होतं त्याच्यात? पेट्या तं चालू होत्या."

मिनलनं टेबलावरच्या पेटीचा सेल नखानं उचकटला, वायर काढली आणि लावली. पेटी उठली. पडद्यावर तिची वेळ आली: एक जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच. घड्याळाला काहीच आठवत नसलं की ते तिथून सुरू होतं. पेटीनं सर्व्हरला हाक मारली, सर्व्हरनं प्रमाणपत्र पुढे केलं. पेटीनं तारीख वाचली आणि ठरवलं की हे प्रमाणपत्र अजून लागू व्हायला पंचावन्न वर्षं आहेत. तिनं संपर्क तोडला. खरी वेळ तिला सर्व्हरच सांगत असे, पण संपर्क जुळल्यावर. नवा कोडही त्याच वाटेनं येई. सेल काढूनही पेट्या दोन वर्षं चालल्या त्या सुशीलच्या 'नाही'मुळे, हे आता कळलं.

ज्या पेट्या अजून बोलत होत्या, त्यांना तिनं अर्ध्या तासात तारीख न तपासणारा कोड पाठवला. एकशे चौऱ्याण्णव वाचल्या. एकशे अठरांपर्यंत पोहोचायला आता केबल आणि माणूस लागणार होता. माणसं दोन होती.

मालक धर्मेंद्र तिच्या खुर्चीमागे उभा राहून सगळं ऐकत होता. "ज्यानं कुलूपच नाही लावलं त्यानं सहा वर्षं आरामात काढले," तो म्हणाला. "तू लावलं तर सगळे घरातच कोंडले." मग त्यालाच सुचलं. "सर्टिफिकेट तर आपणच बनवतो ना? टाकून दे त्याच्यावर जुनी तारीख. सत्तर सालची."

हे शक्य होतं. पाऊण तासात मिनलनं सर्व्हरसाठी १९७० पासून लागू असलेलं प्रमाणपत्र तयार केलं. सेल काढलेली पेटी लावली. धर्मेंद्रनं चहा सांगितला. पेटीनं प्रमाणपत्र वाचलं, तारीख मान्य केली, मग त्यावर सही कोणाची ते पाहिलं. सही मूळ प्रमाणपत्राची होती. ते तिनं एप्रिलमध्ये तयार करून स्वतःच पेटीत घातलं होतं. त्यावर एप्रिलची तारीख होती. सही करणाराच पेटीच्या हिशेबानं अजून जन्मायचा होता. संपर्क तुटला.

"ते पेटीतलं बदल ना मग," धर्मेंद्र म्हणाला.

"पेटीपर्यंत जाताच येत नाही सर. तेच तर आहे."

गुरुवारी सकाळी साडेनऊला शोभाताईंचा पुन्हा फोन आला. या वेळी त्या हसल्या नाहीत. पेंटाच्या, म्हणजे बाळांना दीड महिन्यापासून देतात त्या लसीच्या, बाटल्या काढायला त्यांनी फ्रीज उघडला होता. आतल्या भिंतीला बर्फाचा थर होता. एक बाटली हलवून ठेवली, तर चुन्यासारखा पांढरा गाळ लगेच तळाशी बसला. लस एकदा गोठून वितळली की असं होतं. उष्णता लागली तर बाटलीवरच्या खुणेचा रंग बदलतो. गोठली तर खूण काही सांगत नाही. लस निकामी होते, एवढंच.

"मंगळवारी मी टोलीवर सतरा लेकरांले हीच दिली," त्या म्हणाल्या. "मले एवढंच सांग, हे मंगळवारच्या आधी गोठलं का नंतर? नंतर गोठलं असंन तं बाटल्या फेकतो अन् मोकळी होतो. आधी गोठलं असंन..."

मिनल आणि शालिकराम एक वाजता केंद्रात पोहोचले. बाहेर चव्वेचाळीस अंश होते. शोभाताईंनी पाणी दिलं आणि वही समोर ठेवली. रविवार संध्याकाळपासूनची पानं कोरी होती. खोटा आकडा एकही नव्हता.

टोलीचं त्यांनी पाणी पिता पिता सांगितलं. दोन वर्षांपूर्वी सुई टोचल्यावर एका बाळाला ताप आला होता. तेव्हापासून टोलीनं दारं लावून घेतली. तिथल्या रामाजींचा शब्द सगळे मानत. त्यांच्या अंगणात शोभाताई दर पंधरा दिवसांनी जाऊन बसत, कधी नुसत्या तूर निवडू लागत. यंदा रामाजी म्हणाले, "बरं. तुह्या भरवशावर."

मिनलनं केबल लावली. पेटीच्या आठवणीत सगळी मोजमापं होती, एकही हरवलेलं नव्हतं. पण रविवार संध्याकाळपासून वीज चारदा जाऊन आली होती, त्यामुळे नोंदींचे चार तुकडे होते. प्रत्येक तुकडा एक जानेवारी १९७० च्या पहाटे साडेपाचला सुरू होत होता.

ती कागद घेऊन बसली. बर्फ दुसऱ्या तुकड्यात होता. तुकडा सुरू झाल्यावर आठव्या तासाला पारा शून्याखाली उतरला आणि सहा तास तिथंच राहिला. पहिला तुकडा एकोणीस तासांचा. सर्व्हरशी शेवटचं बोलणं रविवारी संध्याकाळी सहाला. तेव्हापासून आत्तापर्यंत एक्याण्णव तास झाले होते आणि नोंदी एकाहत्तर तासांच्या होत्या. म्हणजे वीस तास वीज नव्हती. ते वीस तास चारपैकी कोणत्या वेळी किती गेले, हे पेटीला माहीत नव्हतं.

"सोमवारी रात्री नऊ ते मंगळवारी संध्याकाळी पाच," मिनल म्हणाली. "यात कधीतरी गोठायला सुरुवात झाली."

"मी बाटल्या काढल्या मंगळवारी सकाळी नऊले."

"हो."

"तं आधी का नंतर?"

"सांगता येत नाही, ताई."

शालिकराम वीज कार्यालयात जाऊन आला. तिथला लाइनमन म्हणाला होता, "गेली होती तं खरी. आता सोमवारी का मंगळवारी, ते कोण ध्यानात ठेवते गा?"

"मी मंगळवारी बाटली पाहिली होती," शोभाताई हळू म्हणाल्या. "मले बरोबर वाटली. पण घाईत होती. शपथ घ्या म्हणान तं नाही घेत." मग मिनलकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही सोमवारी फोनवर दोन दिवस बोलल्या, तेव्हा तुम्हाले माहीत होतं?"

"नाही."

"माहीत असतं तं बरं झालं असतं. रागावता आलं असतं."

केंद्राच्या डॉक्टरांनी त्याच दुपारी निर्णय दिला. खात्री नसेल तर डोस वाया गेला असं धरायचं आणि सतराही बाळांना पुन्हा द्यायचा. जादा डोसानं अपाय नाही. हे वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होतं.

मंगळवारी, वीस तारखेला, शोभाताई नव्या बाटल्या बर्फाच्या डब्यात घेऊन टोलीवर गेल्या. मिनलनं मीही येते म्हटलं. "येऊन काय करान?" असं त्या म्हणाल्या, पण नको म्हणाल्या नाहीत.

रामाजी अंगणात खाटेवर बसले होते. शोभाताईंनी काहीही न लपवता सांगितलं. फ्रीज बिघडला, लस गोठली असावी, नक्की माहीत नाही, म्हणून पुन्हा.

"म्हणजे मागं दिलं ते पाणी होतं?"

"असंन. नसंनही."

"तुले माहीत नाही?"

"नाही, रामाजी."

"डॉक्टरले?"

"नाही."

"अन् ह्या बाईले?"

मिनलनं सांगायचा प्रयत्न केला. पेटी, घड्याळ, प्रमाणपत्र. ती जितकी अचूक बोलत गेली तितकं ते तिलाच खोटं वाटू लागलं. रामाजींनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे मशिनीले आजची तारीख माहीत नव्हती," ते म्हणाले. "बाई, माह्या बकऱ्यांले बाजाराचा वार समजते." मागं उभे असलेले दोघंतिघं हसले. रामाजी हसले नाहीत. "मी कोणाले नाही म्हणत नाही. या म्हणूनही सांगत नाही. मागच्या खेपेले मी घरोघरी गेलो होतो, शोभा. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

शोभाताईंनी शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजी टाकली. यादी काढून ठेवली. अकराच्या सुमाराला एक तरुण बाई बाळ घेऊन आली आणि पायरीखालीच थांबली.

"हे तरी पक्कं हाय का?"

"हो. आजच आणली. मी स्वतः पाहिली."

"मागच्या खेपेलेही तुम्ही हो म्हटलं होतं."

बाळ रडू लागलं तेव्हा बाईनं त्याच्या डोक्यावर पदर घेतला आणि आल्या वाटेनं परत गेली.

त्यानंतर कोणी आलं नाही. डब्यातला बर्फ चारपर्यंत टिकणार होता, म्हणून दोघी चारपर्यंत बसल्या.