लिस्बनहून फोन

बँकेतून निवृत्त झाल्यावर शीला पाटील मॅरेथॉन धावायला देशोदेशी जाऊ लागल्या. बर्लिन झालं, टोकियो झालं, केपटाऊन झालं. सारंगखेड्यात त्या एकट्याच राहत. लग्न केलं नव्हतं. शेजारच्या घरात भाऊ होता, पण आईच्या आजारपणात दोघांचं भांडण झालं आणि तेव्हापासून बोलणं बंद. पहाटे त्या तापीच्या पुलावरून धावत, तेव्हा ओळखीचे लोकही नुसते बघत.

प्रत्येक फॉर्ममध्ये एक रकाना असे : अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं? शीलाताई तिथे स्वतःचाच दुसरा नंबर टाकत. लिस्बनच्या वेळी मात्र, का कोण जाणे, त्यांनी कालीबाईचा नंबर लिहिला. ती त्यांच्या केळीच्या बागेत कामाला येई. तिला हे सांगायचं राहूनच गेलं, आपण परदेशी निघालोय हेही.

लिस्बनमध्ये बत्तिसाव्या किलोमीटरला त्या कोसळल्या. शुद्ध आली तेव्हा त्या तंबूत खाटेवर होत्या, हाताला सलाईन होतं आणि एक मुलगी फोनवर इंग्रजीत त्यांचं नाव पुन्हापुन्हा सांगत होती. त्यांनी फोन मागून घेतला.

“ताई? काय व्हयनं? कोनता दवाखानामा शेतस? मी ई ऱ्हायनी!”

“कालीबाई, मी बरी शे. पण मी दूर...”

फोन कटला. पुन्हा लावला, लागेना.

त्यांना पुढे धावू दिलं नाही. आयोजकांच्या बसने त्या शेवटच्या रेषेपाशी उतरल्या. तिथे जो तो आपल्या माणसाला शोधत होता, मिठी मारत होता. त्या गर्दीतून वाट काढत हॉटेलवर गेल्या.

चौथ्या दिवशी त्या बागेत पोचल्या. कालीबाई केळीची सुकलेली पानं कापत होती. तिने मान वर केली नाही.

“शहादाना तीन दवाखाना फिरनी मी. कोठेच तुमनं नाव नही.”

“मन्हं चुकनं.”

“नंबर दिधा ते सांगानं तरी व्हतं. तुमना भाऊ शे ना? त्याना काबर नही दिधा?”

शीलाताईंनी पायाशी पडलेलं सुकलं पान उचलून ढिगावर टाकलं.

“माले वाटनं, तुम्ही गयात,” कालीबाई म्हणाली. पदराने डोळे पुसून ती पुढच्या ओळीत शिरली.

दुपारी ती बाकीच्या बायांबरोबर बांधावर भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसली. शीलाताई थोडा वेळ विहिरीपाशी उभ्या राहिल्या. कोणी हाक मारली नाही, तशा त्या घराकडे चालू लागल्या.