ललिताबाईची करंगळी

माह्या बोटात जोर लय आहे, असं मी आजवर मोठ्या गुमानानं सांगत होतो. आता नाही सांगत.

मी तुलाराम. नाकाडोंगरीले माहं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आंबागडकडच्या एका शेतकरी सोसायटीचं मशीन माह्याच हवाली. विंडोजले घडीघडी व्हायरस लागे, म्हणून दिवाळीनंतर मीच त्याच्यावर लिनक्स टाकलं. टाकताना एका रकान्यात 'कीबोर्डवरून सुलभ सोयी चालू करा' असं काहीतरी होतं. सोय म्हणजे चांगलीच, म्हणून केली टिक. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना टपकत, त्यानं सेक्रेटरी भैय्याजी चिडत, म्हणून त्याही बंद करून टाकल्या. हे दोन्ही उद्योग माहेच, ध्यानात ठेवा.

तिथं ललिताबाई एकोणीस वर्षं रोजंदारीवर टायपिस्ट होती. टाइपरायटरवर शिकलेली बाई. बोटं इतकी हलकी का शेजारच्या टेबलाले आवाज जात नसे. धानाच्या हंगामात सातबारा घेऊन दारापर्यंत रांग लागे, पण तिनं कोणाचं नाव चुकवलं नाही. यंदा कमिटी तिले कायम करणार होती. कायम झाली असती तर म्हातारपणी कोणापुढं हात पसरायची पाळी नव्हती. एवढंच तिचं मागणं होतं.

अन् नेमका तेव्हाच कीबोर्ड चाळे करायले लागला. बाई टाइप करे अन् अक्षर उमटेच ना. दहा दाबले तर दोन येत. मग थोड्या वेळानं आपोआप ठीक.

"तुलाराम, मी एकटी असली का चालते रे," बाई म्हणे. "भैय्याजी मजकूर सांगायले बसले का बिघडते."

ऑफिसात लोक हसत. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणत.

मी जाऊन पाहिलं. कीबोर्ड नवा लावला. यूएसबीची जागा बदलली. मराठीचं इंग्रजी अन् इंग्रजीचं मराठी करून पाहिलं. माह्या हातानं प्रत्येक अक्षर येई. मी एका बोटानं टाइप करतो, खिळा ठोकल्यावानी, दाबून धरून.

मग कमिटीपुढं परीक्षा झाली. नऊ जण बसलेले, अन् मशीनचा जाणकार म्हणून मलेही बोलावलेलं. भैय्याजी मजकूर सांगू लागले. पहिला परिच्छेद झकास. मग भैय्याजींनी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी काढली, चिमूटभर गालात दाबला, अन् पुढचं आठवत बसले. बाई थांबली. त्यांनी पुढची ओळ सांगितली, बाईनं टाइप केली, अन् पडद्यावर अख्ख्या ओळीतले तीन अक्षरं.

बाईनं पडद्याकडं बोट केलं. "मशीन..." एवढंच म्हणाली.

भैय्याजींनी माह्याकडं पाहिलं. "काय तुलाराम, तू जाणकार ना? मशीन खराब आहे का?"

मी उठलो. दाबत दाबत तीच ओळ टाइप केली. सगळी आली.

"मशीन टंच आहे," मी म्हटलं. "बाईचे हात थकले आता."

उचलली जीभ अन् लावली टाळ्याले! ठरावात तसंच लिहिलं गेलं, अन् खाली जाणकार म्हणून माही सही. बाईच्या जागी भैय्याजींची पुतणी मोना आली.

पंधरा दिवसांनी ललिताबाई दुकानात आली. तेच मशीन माह्याकडं सफाईले आलं होतं.

"एकदा बसू दे मले त्याच्यावर," ती म्हणाली. "हात खरंच गेले का, माहं मले पाहू दे."

मले दया आली. पेपर घेतला अन् बातमी मोठ्यानं वाचून तिले सांगायले लागलो. बाई सरसर टाइप करून राहिली, एक चूक नाही. मधातच माहा फोन वाजला. बोलून वळलो तर बाई तशीच बसलेली, बोटं जाग्यावर, अन् उजवी करंगळी शिफ्टवर दाबलेली. टाइपरायटरवाल्याइची ती सवयच. सांगणारा थांबला का शिफ्ट धरून पुढच्या अक्षराले तयार राहायचं. मी पुढं वाचलं. अक्षर उमटेना.

सेटिंग उघडलं. शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली का मशीन समजते, या माणसाचा हात थरथरते. मग ते हलकं बोट मोजतच नाही, दाबून धरलेलं अक्षर तेवढं घेते. पुन्हा आठ सेकंद धरली का पहिल्यासारखं. तशी सूचना पडद्यावर येते, पण सूचना तर मीच बंद करून ठेवल्या होत्या. म्हणजे भैय्याजी खर्रा चघळत, बाई शिफ्ट धरून वाट पाहे, अन् मी टिक केलेली सोय तिची नोकरी खाऊन राहिली होती. माह्या जड बोटाले ते कधी कळलंच नाही. टिक काढली. एका क्लिकचं काम. चोर सोडून संन्याशाले फाशी, अन् चोर मीच.

बाई रडली नाही. खुर्ची माह्याकडं वळवली. "एकोणीस वर्षं रे! नऊ माणसांत मले थकली म्हटलं तू!"

मग तिनं माहं लेटरहेड मागितलं अन् त्याच मशीनवर दोन मिनिटांत टाइप केलं. दोष सेटिंगचा होता, ते सेटिंग मी केलं होतं, ललिताबाईच्या हातात काही दोष नाही. कान्यामात्रेची चूक नव्हती. प्रिंट माह्यापुढं ठेवली. "कर सही. उद्या कमिटीपुढं ठेवते."

मी पेन उचलला. सोसायटीचं दुरुस्तीचं काम मार्चमध्ये नव्यानं द्यायचं होतं, अन् देणारे भैय्याजी. पुतणी त्यांची. खोटं कायले सांगू, हेच डोक्यात आलं.

"बाई, मी आधी भैय्याजींशी बोलून पाहतो," मी म्हटलं. "एकदम कागद नेला तर..."

ती माह्या बोटाकडं पाहत राहिली. "मशीनवर तर लय जोर चालते तुहा," ती म्हणाली. "आता काहून नाही चालून राहिला?"

कागद तिथंच सोडून ती गेली.

भैय्याजींशी मी बोललो नाही. मार्चमध्ये काम मलेच मिळालं.

परवा प्रिंटर पाहायले गेलो तर मोनाच्या खुर्चीमागं ललिताबाई उभी. पोरीले टायपिंग येत नव्हतं, म्हणून भैय्याजींनी शिकवायले महिनाभर तिलेच बोलावलं होतं. रोजंदारीवर. मले पाहून ती बोलायची थांबली नाही.

"करंगळी शिफ्टवर ठेवून बसू नको, बेटा," ती मोनाले सांगून राहिली होती. "इथं हात थकले म्हणतात. अन् म्हणणारा पुन्हा सही करत नाही."

मी प्रिंटरची वायर लावली अन् खाली पाहत निघून आलो.