एक नंबरची स्क्रीन

इल्पो राटिकाइनेनला एका वेळी तीन शब्द दिसत. चौथा हवा असेल तर मान वळवावी लागे. चाळिशीत त्याच्या नजरेच्या कडा झिजायला लागल्या, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मधोमध एवढंसं भोक उरलं होतं. त्यातून जेवढं जग आत येईल तेवढं त्याचं. पण कुओपियो शहरातल्या त्याच्या साप्ताहिकाला त्याच्याइतका कडक मुद्रितशोधक कधी मिळाला नव्हता, आणि त्याचं कारणही ते भोकच होतं. धडधाकट डोळ्यांची माणसं ओळीवरून घसरत जातात, पुढचं न वाचताच वाचून मोकळी होतात. इल्पोला घसरायला जागाच नव्हती. ब्लूबेरीतल्या काड्या निवडाव्यात तसा तो घरी बसून एकेक शब्द निवडायचा.

आणि हे सगळं चालायचं एका फाईलच्या जिवावर. स्क्रीनवर काय कुठे आणि कसं दिसावं ते कॉम्प्युटरला सांगणारी सहाशे चाळीस ओळींची फाईल, अकरा वर्षं खपून लिहिलेली. कुठलीही विंडो उघडली, अगदी ‘सेव्ह करू का?’ विचारणारी चिमुकली चौकटसुद्धा, तरी ती बरोब्बर मधोमध यायची, काळ्यावर पिवळी, अंगठ्याएवढ्या अक्षरांत. कोपऱ्यात काही उघडलं तर इल्पोच्या लेखी ते उघडलंच नाही. खोलीतला उजेड त्याला सोसायचा नाही. म्हणून जाड पडदे कायम ओढलेले, यंत्रांवरचे बारके दिवेसुद्धा काळ्या चिकटपट्टीने झाकलेले, आणि समोर ती एकच उजेडाची चौकट.

नोव्हेंबरात ऑफिसने त्याचा कॉम्प्युटर नवा केला आणि सगळं बोंबललं. स्क्रीनवर विंडो मांडणारा जुना प्रोग्रॅम, डिस्प्ले सर्व्हर, गेला. तो बिचारा भोळा होता. कोणीही प्रोग्रॅमने उठावं आणि दुसऱ्याची विंडो इकडून तिकडे ढकलावी, तो हूं की चूं करायचा नाही. इल्पोची फाईल त्याच भोळेपणावर जगत होती. नव्या व्यवस्थेत स्क्रीनचा सगळा कारभार कम्पोझिटर नावाच्या एकट्या प्रोग्रॅमच्या हातात. विंडो कुठे बसायची ते तो ठरवणार, बाकीच्यांनी गप्प राहायचं. चोऱ्यामाऱ्या टाळायला हे चांगलंच आहे, कोण नाही म्हणतंय? पण इल्पोच्या सहाशे चाळीस ओळींची एका दिवसात रद्दी झाली, त्याचं काय?

संपादक तार्मो माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त लांबण लावता यायची नाही. सोमवारी त्याचा फोन आला.

“बुधवारी संध्याकाळी सहाला पानं छपाईला जातात. तोवर तुझं जमलं तर उत्तम. नाहीतर डॉक्टरचा कागद तयारच आहे, सही कर आणि निवृत्त हो. मागच्या अंकात आपण एका शाळेच्या मुख्याध्यापकाला छापून मारून टाकलं, इल्पो. सकाळी तो स्वतः फोनवर होता.”

“ते पान मी वाचलेलं नव्हतं.”

“तेच तर सांगतोय ना मी,” तार्मो म्हणाला.

सही केली की संपलं, हे इल्पोला पक्कं ठाऊक होतं. वाचणं गेलं की मग त्या भोकातून बघायचं तरी काय, भिंत? त्याने सगळे कम्पोझिटर चाळले आणि त्यातल्या त्यात एक छोटासा पकडला, तुओही नावाचा. तो एका साध्या फाईलचं ऐकायचा म्हणे. ऐकलं, पण अर्धवट. मोठ्या विंडो मधोमध आल्या, चिमुकल्या चौकटी मात्र हव्या तिथे उगवू लागल्या. इल्पोचा तिळपापड झाला. तुओहीवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर त्याने रागारागात लिहिलं, तुम्हा पोरासोरांना चालतं यंत्र उकिरड्यावर फेकायची फार हौस, फेकण्याआधी कोणाचं पोट त्यावर चालतंय हे बघायला डोळे नाहीत का? वगैरे वगैरे. दोन परिच्छेद पुढे आणखी वाईट होतं, ते इथे नको.

उत्तर एका ओळीचं आलं. तुओही लिहिणाऱ्या हेन्रीक्काचं. “फाईल पाठव, रक्तदाब नको.”

मंगळवारी दुपारी तिचाच फोन आला. ती तांपेरेची, चौतिशीची, दिवसा एका पंपांच्या कारखान्यात नोकरी करायची आणि आठ वर्षं रिकाम्या वेळात फुकट तुओही लिहीत होती. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“ओळ दोनशे बारा. ‘इथे हात लावशील तर मरशील.’ ही धमकी कोणाला?”

“मलाच,” इल्पो म्हणाला.

“आणि चारशे सहा? ‘हे का चालतं ठाऊक नाही, देवाची कृपा.’”

“खरंच ठाऊक नाही.”

“मला कळलं. चालायला नकोच होतं ते.” मग ती म्हणाली, “काल रात्री सगळी वाचली मी. तू कसा बघतोस ते कळायला मला तीनशे ओळी लागल्या. दोन वर्षं लोक मला ही चौकटींची सोय मागतायत आणि मी म्हणते, काय गरज आहे, माऊस हलवा की. गाढव आहे मी. उद्या सकाळपर्यंत दम धर.”

डॉक्टरांनी त्याचे डोळे शंभरदा तपासले होते. पण तो बघतो कसा, हे त्या फाईलमध्ये लिहिलेलं होतं, आणि ती अकरा वर्षांत कोणी उघडली नव्हती. या फटकळ बाईने एका बैठकीत वाचली. त्याला गहिवरून आलं.

बुधवारी सकाळी नवा तुओही आला आणि चौकटी मुकाट्याने मधोमध बसायला लागल्या. इल्पोने पानं घेतली. सोळापैकी अकरा पानं अडीचपर्यंत हातावेगळी झाली. एकच कटकट उरली होती. त्याचा कॉम्प्युटर म्हणजे मोठ्या स्क्रीनला जोडलेला लॅपटॉप; त्याचं झाकण मिटलेलं होतं, तरी तुओही त्याची छोटी स्क्रीन जागीच समजायचा, आणि एखादी विंडो तिकडे निघून जायची, झाकणाखाली. इल्पोने म्हटलं, एवढ्याशासाठी तिला काय त्रास द्यायचा? छोटी स्क्रीन म्हणजे एक नंबरची, हे तर अकरा वर्षं त्याच्या बोटांना पाठ होतं. त्याने फाईलमध्ये लिहिलं, एक नंबरची स्क्रीन बंद, आणि फाईल नव्याने लावायच्या कळा दाबल्या.

सगळं काळं झालं.

त्याने डोळे मिटले, उघडले. काळं. मान उजवीकडे, डावीकडे, काळंच. डॉक्टरने सांगून ठेवलं होतं की उरलेलं भोक कधीतरी मिटेल. दुखणार नाही, सूचना मिळणार नाही. त्याने हात टेबलावर सपाट ठेवले आणि तो बसून राहिला. पाच पानं राहिली, हे त्याच्या मनात आलं, आणि मग काहीच आलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. कानावरच्या हेडफोनमध्ये फोन वाजला. त्याने चाचपडून बटण दाबलं.

“काय रे, बसतायत ना चौकटी?” हेन्रीक्का.

“तुझं काम झकास झालं,” इल्पो म्हणाला. “डोळा गेला. आत्ताच.”

ती हलक्या आवाजात म्हणाली, “शेवटची ओळ कुठली लिहिलीस?”

“अगं मी आंधळा झालोय आणि तू ओळी काय विचारतेस!”

“सांग तर. शेवटची ओळ.”

“एक नंबरची स्क्रीन बंद. छोटी.”

“छोटी जुन्या सर्व्हरमध्ये एक नंबर होती, इल्पो. तिथे गणती शून्यापासून. आमच्याकडे एकापासून. एक नंबरची तुझी मोठी स्क्रीन आहे. तू मोठी स्क्रीन बंद केलीस. खोलीत दिवा आहे का?”

“नाही.”

“मग ऊठ आणि पडदा ओढ.”

त्याला उठवेना. विश्वास ठेवायचीही भीती वाटत होती, पडदा ओढला आणि तरी काळंच असलं तर? शेवटी तो टेबल धरत, भिंत धरत गेला आणि पडदा खेचला. बाहेर संधिप्रकाश होता, रस्त्यावरचा दिवा लागलेला होता, आणि त्या उजेडात शेजारची म्हातारी ढकलगाडीवजा घसरगाडीवर दुधाची पिशवी ठेवून बर्फातून पाय मारत चालली होती. पिशवीवरची निळी अक्षरंसुद्धा दिसली. इल्पो खिडकीच्या चौकटीला डोकं टेकून हुंदके देऊन रडला. हेन्रीक्काने फोन ठेवला नाही.

“दिसतंय,” तो म्हणाला. “अगं, दिसतंय.”

“चल तर मग. आता न बघता टाईप करायचंय. स्क्रीन परत लावायचा हुकूम, सत्तावीस अक्षरं. एक चुकलं तर पहिल्यापासून.”

“एकदाच सांग,” इल्पो म्हणाला.

तिने एकदाच सांगितलं. त्याने काळ्या स्क्रीनसमोर सत्तावीस अक्षरं टाईप केली, एकही न चुकता, आणि मधोमध बारावं पान उघडलं.

सहाला वीस कमी असताना शेवटचं पान गेलं. सव्वासहाला तार्मोचा फोन.

“चौदाव्या पानावर माझ्याच अग्रलेखात चार चुका काढल्यास.”

“पाच.”

“त्या डॉक्टरच्या कागदाची मागची बाजू कोरी आहे,” तार्मो म्हणाला. “वाणसामानाची यादी करतो त्यावर.”

दुसऱ्या दिवशी इल्पोने बाजारातून ताजा कालाकुक्को घेतला, आत मासे भरलेली ती चांगली दोन किलोंची, राय नावाच्या धान्याच्या पावाची गाठोडी, आणि तांपेरेच्या बसने पाठवून दिली. मग मेलिंग लिस्टवर लिहिलं. तिथे कोणी कोणाचे आभार मानत नाही, तिथे तक्रारी असतात. इल्पोने आधी सोमवारच्या शिव्यांची माफी मागितली, आणि मग खोलीतला तो काळोख, खिडकी, म्हातारी, सगळं न लाजता लिहिलं. हेन्रीक्काने त्यावर एवढंच उत्तर दिलं की मासा चांगला होता, काटे नव्हते.

डिसेंबरात तुओहीची नवी आवृत्ती निघाली. काय काय बदललं त्याच्या यादीत एक ओळ होती: कोणी चुकून दिसणारी शेवटची स्क्रीन बंद केली, तर दहा सेकंदांत ती आपोआप परत लागेल. कारण म्हणून पुढे लिहिलं होतं, “माणसाला अंधारात विचार करत बसावं लागू नये.”

इल्पोने ती ओळ तीन-तीन शब्दांनी वाचली. मग आवृत्ती चढवली आणि मुद्दाम एक नंबरची स्क्रीन बंद केली. उजेड येणार हे ठाऊक होतं, तरी सहा मोजेपर्यंत त्याचा हात पडद्याच्या दोरीवर गेलेला होता. दहाला स्क्रीन लागली.

त्याने हेन्रीक्काला लिहिलं, “तुझे उपकार फिटायचे नाहीत. पण दहा फार होतात गं. पाच कर.”

दोन मिनिटांनी उत्तर आलं. “दोन केले.”